सौंदर्याच्या खोलीतली हवा

सौंदर्याला घाम यायचा नाही. तिची आई महादेवी हे पहिल्यांदा सांगायला लागली, तेव्हा आम्ही बायका हसलो होतो. घाम येत नाही ही काय तक्रार झाली?

कळंब्याच्या रस्त्याला मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. गच्चीखालचा फ्लॅट त्यांचा. महादेवी निपाणीकडची, घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं. नवरा मल्लेश तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. त्याचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. नव्याण्णव साली सौंदर्या झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचा ताप उतरेना. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी ओळखलं. पोरीच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नव्हत्या. "अंगातली उष्णता बाहेर पडायला हिला वाट नाही," ते म्हणाले. "उन्हाळ्यात हिला गार ठेवणं एवढंच औषध." नात्यातल्या लग्नात असं होण्याची शक्यता वाढते, हेही त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत महादेवी पोरीला घेऊन नवऱ्यापासून लांब, पुढच्या बाकावर जाऊन बसली.

मग ओले पंचे, मग कूलर. मार्चमध्ये कूलर बरा चालायचा; मे महिन्यात आभाळ दाटून आलं की खोलीत नुसता दमटपणा. पोरगी लालबुंद होऊन फरशीला गाल लावून पडायची. महादेवी दिवसभर तिच्या मानेला हात लावून बघत राहायची. तिची स्वतःची झोप, जेवण, माहेर, सगळं सुटलं.

पोरगी पाच-सहा वर्षांची झाली, तेव्हा मल्लेशने एक ठेकेदार आणला. मंगल कार्यालयांत एसी बसवणारा. दारात उभं राहूनच त्याने घर बघितलं. भिंती मोजल्या नाहीत, ऊन कुठून येतं विचारलं नाही. "मोठंच मशीन टाकूया पावणं, पुन्हा बघायला नको," म्हणाला. स्वयंपाकघराच्या माळ्यावर मशीन बसलं. तिथून गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट छताखालून हॉलमध्ये, मधल्या खोलीत आणि शेवटी पार टोकाच्या, सौंदर्याच्या खोलीत गेले. त्या दिवशी महादेवीने जिन्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले.

एप्रिलमधल्या एका दुपारी वरून तिची किंकाळी ऐकू आली. मी धावत गेले. हॉलमध्ये अंगावर काटा येण्याइतका गारवा होता. त्या गारव्याच्या भरवशावर महादेवी भाकऱ्या करत होती. आणि टोकाच्या खोलीत पोरगी ताठ झालेली, डोळे वर गेलेले. खोली भट्टीसारखी तापलेली. आम्ही तिला नळाखाली धरलं, ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षातून दवाखान्यात नेलं.

सौंदर्या वाचली. पण डोक्यात गेलेला ताप खूण ठेवून गेला. उजवा पाय ओढायला लागली, बोलताना शब्द अडकायला लागले. आधी घरभर "अव्वा, अव्वा" करत आईमागे फिरणारी पोर आता 'अ' वरच थांबायची आणि तोंडाकडे बघत राहायची.

ठेकेदार आला, म्हणाला, "ह्याहून मोठं लागंल." मल्लेश लगेच तयार झाला. दुसऱ्या दिवशी पोरीला माझ्यापाशी ठेवून महादेवी शहरातल्या एका पॉलिटेक्निकच्या फाटकात जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला विचारू लागली, "गार हवंचं शिकवणारं मास्तर कोण हायती?" शिपायाने हटकलं, पोरं हसली. ती हलली नाही. शेवटी नागसेन कांबळे नावाचे सर बाहेर आले.

"बाई, मी शिकवतो. घरांची कामं करत नाही."

"मग मला शिकवा," महादेवी म्हणाली. "माझी पोरगी मराय लागलीया, आन का मराय लागलीया ते बी कुणी सांगंना."

रविवारी सर आले. टेप लावून प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी मोजली. पश्चिमेचं ऊन कुठल्या भिंतीवर, स्वयंपाक किती वेळ, सगळं विचारलं. भर दुपारी गच्चीवर जाऊन आले. मग काठीला दोरा बांधून त्यांनी हवा येणाऱ्या जाळीपुढे धरला. हॉलमध्ये दोरा आडवा उडाला. सौंदर्याच्या खोलीत तो सरळ खाली लोंबत राहिला.

"मशीन मोठं आहे," ते म्हणाले, "आणि डक्ट अरुंद. सगळी हवा हॉलमध्येच पडते. मशीन बंद-चालू करणारा थर्मोस्टॅटही हॉलमध्येच. हॉल झटक्यात गार होतो आणि मशीनला वाटतं, घर गार झालं. ते थांबतं. त्यात हा डक्ट तापलेल्या स्लॅबला चिकटून जातो. उरलीसुरली हवा वाटेतच गरम होते. लहान मशीन लावा. जास्त वेळ चालेल, दमटपणाही ओढून घेईल."

मल्लेश ताडकन उठला. "पोरगी हातची जाया लागलीया, आन तुमी मशीन ल्हान करा म्हणताय? तुमची पोरगी असती तर?"

सरांनी टेप गुंडाळला आणि ते निघून गेले.

त्याच आठवड्यात लोडशेडिंग वाढलं. ऐन दुपारी वीज जायची. मल्लेशने कुणाचा तरी जनरेटर आणला, पण ते धूड मशीन सुरू व्हायला लागलं की जनरेटर धापा टाकून बंद पडायचा. बर्फाच्या लाद्या आणून आम्ही टबात टाकल्या, पोरीला त्यात बसवलं. ती थरथरत होती आणि मान तरीही तापलेली. मल्लेश बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. "म्या काय करू, महादेवी? सांग की, म्या काय करू?"

"ह्या वक्ताला माझं ऐका," ती एवढंच म्हणाली.

दोघं सरांच्या घरी गेले. मल्लेशने माफी मागितली. सर म्हणाले, "असू द्या. आधी ऊन अडवू."

महादेवीने सकाळच्या उन्हाआधी स्वतः गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे हात मारले. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचे तट्टे बांधले. मोठं मशीन निघालं, लहान आलं. नवे डक्ट रुंद, वरून जाड आवरण गुंडाळलेले. पहिला फाटा सौंदर्याच्या खोलीत, थर्मोस्टॅटही तिथेच. हॉलमध्ये उकडतच राहिलं. पाहुण्यांना आम्ही वर्तमानपत्राने वारा घालायचो. पण हे लहान मशीन जनरेटरवर चालत होतं.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा वीज गेली. जनरेटर लागला, मशीन हळू आवाजात चालत राहिलं. मी वर गेले तर महादेवी पोरीच्या मानेला हात लावून बसलेली. "बघा की," म्हणाली. मी हात लावला. मान आपल्यासारखीच कोमट होती.

एवढं झालं. पाय सुधारला नाही. शाळेने उन्हाळ्यात जबाबदारी घ्यायला नकार दिला, म्हणून सर रविवारी येऊन तिला गणित शिकवायला लागले. घरच्यांनी दुसऱ्या मुलाचा विषय काढला, की महादेवी उठून आत जायची.

तिला मी एकदा म्हटलं, आता तरी दुपारी जरा पड. ती खरंच आडवी झाली, पोरीच्या खोलीच्या दारातच. डोळे मात्र उघडेच होते. आतून मशीनचा आवाज येत होता, आणि ती तो ऐकत पडून राहिली.