पांढऱ्या कागदाखालची तबकडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला घरात सगळे जावईबापू म्हणतात. मीही म्हणतो, फक्त माझ्या तोंडून तो शब्द जरा वाकडा निघतो. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणं हा त्यांचा धंदा. लोकांना नीट दिसावं म्हणून तीस वर्षं राबले, स्वतःच्या घरात मात्र ठार आंधळे. वर ऐट अशी, की जणू सगळं संगीत यांच्याच खिशातून जगात गेलंय.

घर दोन खोल्यांचं. मोठी खोली गाण्यांच्या तबकड्यांना, लहान खोली माणसांना. एका भिंतीला सोल, एकीला फंक, एकीला डिस्को आणि दाराच्या बाजूला गॅरेज हाउस. सोल म्हणजे जीव तोडून गायचं, फंक म्हणजे बेस गिटारने सगळ्यांना पुढे ढकलायचं, डिस्को म्हणजे वर व्हायोलिनं लावून नाचायचं, आणि गॅरेज हाउस म्हणजे तेच गळे मशीनच्या ठोक्यावर बसवायचे. एवढं मला कळतं, कारण या स्थळाला हो म्हटल्याची शिक्षा मी बावीस वर्षं भोगतोय. तबकडीला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे, ती कडेने धरायची आणि श्वाससुद्धा दुसरीकडे सोडायचा. बहीण एकदा तापाने फणफणली होती, तेव्हा हे तिचं औषध विसरले. खोलीत दमट हवा तर नाही ना, हे मात्र दिवसातून दोनदा बघत होते.

दर रविवारी हे आणि यांच्यासारखेच तिघे असं चौघांचं टोळकं कुणाच्या तरी घरी जमायचं. प्रत्येकाने आपली आवडती पंचवीस गाणी वाजवायची, आणि दुसऱ्याला गायकाचं नाव कळू द्यायचं नाही. नाव कळलं की तो तीच तबकडी शोधून आणणार आणि आपला भाव उतरणार! म्हणून तबकडीच्या मध्यभागी छापलेल्या नावावर गोल पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर मनाला येईल ते खोटं नाव लिहायचं. पन्नाशीच्या माणसांचे हे उद्योग. यांनी अशा तीनशे तबकड्या झाकल्या होत्या आणि खरी नावं म्हणे डोक्यात ठेवली होती. त्या डोक्यात आणखी काय होतं, देव जाणे.

लग्नाआधी माझी बहीण एका हॉटेलच्या बँडमध्ये गायची. काय आवाज होता! बँडने एकच तबकडी काढली. गोदामात पाणी शिरून बहुतेक प्रती गेल्या, एक तेवढी तिच्याजवळ राहिली. ती यांनी फंकच्या भिंतीत कुठेतरी खुपसली. "गळा बरा आहे, पण बेस पातळ आहे," एवढं बोलून त्यांनी बायकोच्या गाण्याचा निकाल लावला. तिनेही मान खाली घातली. मला त्या दिवशी त्यांच्या कानाखाली वाजवायची होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. माझी भाची सतरा वर्षांची. आईला गाताना तिने कधी ऐकलंच नव्हतं, कारण घरात गायला जागा कुठे होती? तिने एवढंच मागितलं, "बाबा, आईची तबकडी लावा ना."

तबकडी सापडेना. जावईबापूंनी सगळ्या भिंती उपसल्या, वाफेवर धरून एकेक कागद सोडवला. तिसऱ्या दिवशी घामाघूम होऊन खाली बसले आणि म्हणाले, "दादा, घोटाळा झाला."

घोटाळा असा होता, आणि तो त्यांना आता कुठे आठवला होता. एका रविवारी यांनी सहज ती तबकडी लावली होती आणि बाकीचे तिघे उडालेच. ही माझ्या बायकोची, असं सांगायचं सोडून यांनी घरी येऊन तिच्यावर कागद चिकटवला, 'हिरवा जिना' असं नाव लिहिलं आणि स्वतःच विसरले. पुढे टोळक्यातल्या एकाने, किल्ल्या करून देणाऱ्या किल्लीवाल्याने, गॅरेज हाउसची एक दुर्मीळ तबकडी पुढे केली आणि हिरवा जिना मागितला. यांनी हसत हसत बायकोचा आवाज देऊन टाकला.

बहीण, भाची, जावईबापू आणि मी, आम्ही चौघं किल्लीवाल्याकडे गेलो. दुकानामागेच त्याची खोली. हिरवा जिना म्हणताच त्याचा चेहरा फुलला. "माझ्या पंचविसांत पहिली! सकाळी ही ऐकल्याशिवाय मी दुकान उघडत नाही. आता तरी सांगा राव, कोण आहे ही बाई?"

सुई टेकली. खोलीभर माझी बहीण गायला लागली, बावीस वर्षांची, निर्धास्त. भाचीने तोंडावर हात ठेवला. जावईबापू जमिनीकडे बघत होते.

"माझी आई आहे," भाची म्हणाली.

किल्लीवाला उठून उभा राहिला. गाणं संपल्यावर त्याने तबकडी उचलली आणि बहिणीपुढे धरली. "न्या ताई. तुमचीच आहे."

तिने ती घेतली. तेवढ्यात आमचे जावईबापू बोलले, "अगं, आधी हात धू."

बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग नखाने तो पांढरा कागद हळूहळू सोलून काढला. खाली तिचं नाव होतं. तिने तबकडी परत किल्लीवाल्याच्या हातात दिली.

"इथेच राहू द्या," ती कुजबुजली. "इथे ती रोज लागते."