मोजणीत न धरलेली जेवणं

माझ्या लेकीची उजवी बाजू जन्मापासून कमजोर आहे. सेरेब्रल पाल्सी. ती सहा वर्षांची आहे, अखंड बडबडते, लंगडत का होईना पण पळते, आणि सगळी कामं डाव्या हाताने करते. उजवा हात मूठ आवळून छातीशी असतो. कात्रजला आमच्या सोसायटीत आता कुणाला याचं नवल नाही. पण त्यांचं नवल संपलं म्हणून माझी लाज संपली, असं काही झालं नाही.

आपल्या भाषेनेच डाव्याचं वाटोळं करून ठेवलंय. उजवं म्हणजे सरस, डावं म्हणजे कमी. मुलीचं लग्न लावून दिलं की ती ‘उजवली’. मराठी घेऊन बी.ए. झालेय मी, त्यामुळे हे मला छान समजावून सांगता येतं. कळतं पण वळत नाही, ती गोष्ट वेगळी.

मागे लोणी काळभोरला नणंदेकडे सत्यनारायण होता. तीर्थ घ्यायला लेकीने डावा तळवा पुढे केला आणि पळी वरच थांबली. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, “डाव्या हातानं तीर्थ घेत्यात व्हय गं पोरी? उजवा कर की.” उजवी मूठ उघडेना. मागचे लोक वाकून बघायला लागले. मी घाईघाईने म्हणाले, “परवा पडलीये ती, हाताला लागलंय.” लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती कुठेही पडली नव्हती. पुढे प्रसादाचा शिरा मीच तिला भरवला, म्हणजे पुन्हा प्रश्न नको.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळलं, की शनिवार पेठेजवळ एका केंद्रात अशा मुलांच्या हातांवर संशोधन चालू आहे. मुलांचे दोन गट. एका गटात चांगल्या हाताला रोज काही वेळ जाड मोजा घालायचा, म्हणजे कमजोर हाताला आपसूक काम पडतं. दुसऱ्या गटात दोन्ही हात लागतील असे खेळ खेळायचे. जास्त उपयोग कशाचा होतो ते अजून नक्की माहीत नाही, म्हणून तर हा अभ्यास, असं तिथल्या थेरपिस्ट बाईंनी समजावलं. कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार होता. “त्यात आम्हाला डावं-उजवं करता येत नाही,” असं म्हणून त्यांनी स्वतःच जीभ चावली.

मी मनातल्या मनात मोज्यासाठी देव पाण्यात घातले होते. मोजा मिळाला. पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. उजवा हात सुधारेल म्हणून मी खूश आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. खरं म्हणजे डावा हात झाकला जाणार होता, याचाच आनंद होता. हे लिहितानासुद्धा मान खाली जाते.

मोज्यावर लेक आधी चिडली, रडली. मग तिने त्याला स्केचपेनने डोळे काढले आणि त्याला घेऊन मटार सोलायला बसली. उजवी बोटं एकेक दाणा वाटीत ढकलायला शिकत होती. जेवताना मात्र मोजा काढायचा, समोर मोबाइल लावून जेवणाचा व्हिडिओ घ्यायचा, आणि आपण गप्प बसायचं, असा नियम होता. तिचा तिला कुठला हात पुढे करावासा वाटतो, हे त्यांना बघायचं होतं. मी नियम अगदी काटेकोर पाळले. निदान मला तसं वाटत होतं.

मग एकदा बाईंनी मला शेजारी बसवून ते व्हिडिओ लावले. पोळी दाबून धरायला उजवा हात येत होता, वाटीपाशी येत होता. माझी कॉलर ताठ झाली. तेवढ्यात बाईंनी आवाज वाढवला. लेकीचा डावा हात वरणभाताकडे गेला आणि आवाज आला, “च्च.” हात मागे गेला. उजवा पुढे आला, अर्धी शितं सांडली. डावा पुन्हा निघाला. पुन्हा “च्च.”

“हा आवाज कसला?” बाईंनी विचारलं.

“पाल चुकचुकत असेल,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

“दर घासाला पाल चुकचुकत नाही, आई.”

तेव्हा कुठे मला माझा आवाज ओळखू आला. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ एवढंच म्हणाल्या, “ही जेवणं मोजणीत धरता येणार नाहीत. तिला काय करावंसं वाटतं ते आम्हाला हवं होतं. यात तुम्हाला काय वाटतं तेच दिसतंय. आणि डावा हात तिचा चांगला हात आहे हो. उजव्याला त्याची सोबत मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप.” लेक तिथेच ठोकळे रचत बसली होती. तिने सगळं ऐकलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी मोबाइल लावलाच नाही. कशी भरपाई करावी ते सुचत नव्हतं, म्हणून मी सरळ डाव्या हाताने आमटीभात कालवला आणि घास घेतला. अर्धा हनुवटीवर सांडला. मला वाटलं ती खदखदून हसेल.

ती हसली नाही. तिच्या डाव्या हातात ताकाचा पेला होता. उजवा हात छातीपासून हळूहळू सुटला, ताटावरून पुढे आला आणि माझ्या मनगटाभोवती मिटला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हटकलं नव्हतं. तिने जोर लावून माझा हात ताटाच्या आड खाली दाबला आणि एकदा उघड्या दाराकडे पाहिलं.

“तू नको ना असं जेवू,” ती हळूच म्हणाली. “मला सवय झालीये. तुझ्याकडे सगळे बघतील.”