अडकलेली पानं

ललित वानखडे मुळात वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तसं वाटायचा संभव आहे. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचा. साठ मशिनी आणि त्या चालवणारी प्रणाली सगळ्यांवर एकच, लिनक्स. ते फुकट मिळतं, कोणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. पण बिघडलं तर फोन करायला कंपनी नाही. मग ईमेलच्या मेलिंग लिस्टवर लिहायचं. राज्यभरातले पाचेकशे लोक त्या लिस्टवर होते. एकाने अडचण मांडायची, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं आणि विसरून जायचं. ललित स्वतः असाच शिकला होता. ज्यांची तोंडंही त्याने कधी पाहिली नाहीत, अशा माणसांनी त्याला ओळीओळीने शिकवलं होतं. पुढे तोच लिस्टवरचा जाणता झाला. लिस्टवर त्याचं नाव होतं ललित_पुणे.

आता अमरावतीच्या माणसाने पुण्याचं नाव का लावावं? तर त्याने दोन वर्षं पुण्यात नोकरी केली होती. पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये "मले चहा नको" म्हणाला आणि आजूबाजूची चार टेबलं वळून हसली. त्याने महिन्याभरात जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. पुढे वडील, बुधाजी, आजारी पडले म्हणून तो गावी परतला, वडील गेल्यावरही इथेच राहिला, पण लिस्टवरचं पुणे काही सुटलं नाही. त्याला कारणही होतं. ती वर्षंच अशी होती की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा रोज पेपरात चौकटीत यायचा. आपण अमरावतीचे म्हटलं की समोरचा चुकचुकायचा, "फार वाईट चाललंय ना तुमच्याकडे?" असं म्हणत सुतकात आल्यासारखा चेहरा करायचा. बुधाजी पोस्टमन होते, घरात वीतभर शेत नव्हतं, तरी कीव यायचीच. ललितला एक वेळ कोणी हसलेलं चाललं असतं, कीव सहन व्हायची नाही.

जानेवारी २००६ मध्ये लिस्टवर एक पत्र आलं. इंग्रजी अक्षरांत, पण भाषा अशी:

"भाऊ, आमच्या शाळेतला प्रिंटर चालून नाई राहिला. पान पाठोतो तं जाते, पण निघत नाई. मधात लाइट गेली तवापासून असं होऊन राहिलं. रविवारी कमिटी येऊन राहिली. सांगता का कोणी?" खाली सही, निखत, मुलींची शाळा, अकोला.

ललितने ते वाचलं आणि वाचता वाचताच त्याला दुखणं कळलं. त्याच्या लॅबमध्ये रोज आठ-आठ तास लोडशेडिंग. पान छापता छापता लाइट गेली की लिनक्स त्या प्रिंटरला थांबवून ठेवतं, आणि लाइट आली तरी तो थांबलेलाच राहतो. कोणीतरी "चल" म्हणावं लागतं. ते म्हणायला एकच ओळ पुरे. पुण्यातल्या शहाण्यांना हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्याकडे लाइट एवढी जात नसे. आणि तिथेच घोडं अडलं. उत्तर दिलं तर कोणीतरी विचारणारच, तुझ्या पुण्यात रे कधी एवढी लाइट जाते? हसण्यासारखी भीती आहे, पण माणूस अशाच भीतीला भितो.

दुसरं कारण याहून वाईट. ते पत्र थेट त्याच्या आईच्या बोलीत होतं. आपल्या घरातलं बोलणं पाचशे लोकांसमोर उघडं पडलंय असं वाटून त्याचे कान तापले. त्याने ती लाज त्या बाईवरच काढली. तिचं अख्खं पत्र खाली डकवून वर इंग्रजीत लिहिलं, "कोणी याचं मराठीत भाषांतर करून देईल का? आणि बाई, मशीन शिकायच्या आधी प्रश्न विचारायला शिका."

अकरा जणांनी हसून दाद दिली. एकाने "जबरा" लिहिलं. उत्तराला अर्धं मिनिट लागलं असतं, ही थट्टा रचायला त्याने चांगली वीस मिनिटं घालवली होती. दोन दिवस तो खुशीत होता. बाईचं पत्र पुन्हा आलं नाही, आणि आलं नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

अडीच वर्षं गेली. जुलैतल्या एका रविवारी त्याची धाकटी बहीण ज्योत्स्ना घरच्या कॉम्प्युटरवर बसली होती. राजापेठेत ती एका ट्यूशन क्लासमध्ये शिकवायची. तिथल्या प्रिंटरची हीच तक्रार होती. दादाला विचारलं की तो तासभर भाषण देतो, म्हणून तिने स्वतःच इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर ललितची थट्टा. ती मोठ्याने वाचू लागली. आई, सुंदराबाई, बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"याच्यात हासासारखं काय हाय वो?" त्या म्हणाल्या. "बाई बरोबर तं सांगून राहिली."

"त्या मेल्याले समजलंच नसंन, आई. थांब, नाव पायतो त्याचं." ज्योत्स्नाने नाव वाचलं. मग खुर्ची वळवून तिने मागे पेपर वाचत बसलेल्या भावाकडे पाहिलं. ललितने मान खाली घातली, तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. लहानपणी त्याने तिला मारलं होतं तेव्हासुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं.

सुंदराबाईंना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी सुपातून डोकं न उचलता विचारलं, "मंग त्या बाईचं काम झालं का नाई?"

ललितला ते ठाऊक नव्हतं. त्याने लिस्ट चालवणाऱ्याला लिहिलं, माझं ते पत्र काढून टाका. उत्तर आलं, जुनी पत्रं आपण काढत नाही, नियम तुम्हीच तर केलात. निखतला लिहिलं ते पत्र परत आलं, तो पत्ता बंद होता. जगातल्या कुठल्याही माणसाचा प्रिंटर असा अडला की त्याने इंटरनेटवर शोधावं आणि आधी ललितचा क्षुद्रपणा वाचावा, अशी ती व्यवस्था झाली होती. लाजेने त्याला जेवण जाईना. शेवटी गुरुवारी रजा टाकून तो अकोल्याच्या एस.टी.त बसला.

शाळा सापडली. दारातल्या शिपाई गोदाबाई म्हणाल्या, "निखत मॅडम शिवणाच्या वर्गात हायेत." निखत पस्तिशीची, जाड चष्म्याची. ललितने नाव सांगितलं तरी तिला ओळख पटली नाही. मग त्याने लिस्टवरचं नाव सांगितलं. तिने हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तुमी पुण्याहून आले?"

"नाही. अमरावतीहून."

"बदली झाली का?"

"नाही. तेव्हाही अमरावतीतच होतो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर ललितला बरं वाटलं असतं. तिने त्याला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं. सहा कॉम्प्युटर जुन्या चादरीखाली आणि त्यांच्या मागे एक मोठा टकटक्या प्रिंटर, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापणारा. लाइट दोन वाजता येणार होती. तोवर दोघं अंधुक खोलीत बसले. तिने सांगितलं ते एवढंच. मशिनी कोणीतरी दान दिल्या होत्या, लिनक्स फुकटचं म्हणून तिनेच हट्ट धरला होता. शाळेच्या कमिटीसमोर मुलींनी काहीतरी छापून दाखवलं असतं तर दहावीला रोज कॉम्प्युटरचा एक तास मिळणार होता. प्रिंटर हलला नाही. कमिटी म्हणाली, पोरींना शिवण शिकवा, कामी येईल.

"मी अजून एक डाव विचारलं असतं," ती म्हणाली. "पण मंग हिंमतच नाई झाली."

"आज सुरू करून देतो."

"आता कोणासाठी? त्या पोरी गेल्या." मग म्हणाली, "पण बिघडलं काय होतं, ते पायू द्या मले."

दोनला लाइट आली. मशीन कुरकुरत उठलं. ललितने ती एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. प्रिंटर खडबडून जागा झाला आणि छापू लागला. त्याने काहीच पाठवलं नव्हतं. पण ही प्रणाली मोठी इमानी, दिलेलं काम ती टाकून देत नाही. अडीच वर्षांपूर्वी पाठवलेली पानं रांगेत तशीच उभी होती.

रिबीन वाळलेली, अक्षरं फिकट. प्रत्येक पानावर इंग्रजीत एका मुलीचं नाव, गाव, आणि मोठेपणी काय होणार ते. निखत वाकून वाचू लागली.

"शकुन. हिचं लगन झालं, मूर्तिजापूरले देली. इफ्फत, घरीच हाय. ही माणिक, आईसंग कापसाच्या जिनिंगमंदी जाते." एकेक पान निघत होतं आणि ती एकेकीचं सांगत होती, आवाज न चढवता. मग तिने पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे पाहिलं. "एवढंच होतं?"

"हो."

"तुमाले तवा मालूम होतं?"

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. तपासायला कोणी येणार नव्हतं. गाडीत त्याने तसं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

"हो," ललित म्हणाला. "मालूम होतं मले."

निखतने चष्मा काढून ओढणीने पुसला आणि परत लावला. "मी त्या सत्तावीस पोरीयले सांगतलं," ती म्हणाली, "का चूक माही हाय. मलेच येत नाई."

अजून बरीच पानं निघायची होती. ती निघेपर्यंत दोघांनाही तिथेच उभं राहावं लागलं.