नानांनी जीपमध्ये काढलेला साखरपुडा

माझ्या थोरल्या चुलत भावांनी माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न एका पकडीने मोडलं. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. मीही नाना म्हणतो, अहो-जाहो करतो. राग आहे म्हणून वळण सोडायचं नसतं.

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी घराची वाटणी झाली, मधे भिंत आली आणि विजेचं मीटर नानांच्या बाजूला राहिलं. तिथूनच एक वायर आमच्या खोल्यांत येत होती. मे महिन्यात देवपूरहून बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलगा मास्तर होता. पोह्यांच्या बशा पुढे आल्या आणि डोक्यावरचा पंखा थांबला. लाईट गेली म्हणावं, तर भिंतीपलीकडे नानांचा पंखा कटकट करत फिरत होता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता.

आई मागच्या दाराने अंगणात गेली. "नाना, पाव्हना येल शेतस रे. आज तरी वायर जोड."

नानांच्या हातात वायर तोडलेली पकड तशीच होती. म्हणाले, "मीटर मना नाववर शे काकू. बिल मी भरस."

मुलाची आई पदराने वारा घेत घामाने निथळत बसली. बशा अर्ध्या टाकून मंडळी उठली. मागाहून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण भाऊबंदकीच्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही. बहिणीला तो मुलगा आवडला होता. पुढे बोदवडकडे तिचं लग्न झालं, नवरा बरा मिळाला, पण मधली सगळी वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत खाली मान घालून उभी राहिली. ती मान मी विसरलो नाही. विसरायचीही नव्हती.

मी ठिबक सिंचनाच्या कामात पडलो. डाळिंबाच्या बागांत पाईप टाकायचे, त्यांना ड्रिलने भोकं पाडायची आणि नळ्या जोडायच्या. शेतात वीज कुठली? असली तरी भारनियमन. म्हणून मी एक जुनी जीप घेतली आणि धुळ्यातल्या एका मेकॅनिककडून इन्व्हर्टर करून घेतला. पत्र्याची पेटी, दोन जाड वायरी, त्यांचे चिमटे जीपच्या बॅटरीला लावायचे, की पेटी गुणगुणायला लागायची आणि घरातल्यासारखी वीज द्यायची. बांधावर जीप उभी करायची आणि ड्रिल चालवायचं. मुक्काम पडला की त्याच पेटीवर बल्ब आणि टेबलफॅन. नियम एकच, इंजिन जरा चढं ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते आणि सकाळी चार माणसांनी जीप ढकलायची. त्यासाठी जीपला हातथ्रॉटल होता, स्टिअरिंगजवळची एक छोटी दांडी. ती ओढून ठेवली की ॲक्सिलरेटरवर पाय नको. मी दांडी ओढायचो आणि निवांत कामाला लागायचो.

नव्वदीतली गोष्ट. नानांच्या एकुलत्या एक मुलीचा साखरपुडा ठरला. तोही मे महिन्यात. आणि आदल्या दिवशी गावाची डी.पी., म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. सगळं गाव बंद. अडला हरी, तसे नाना सकाळीच माझ्या दारात.

"भो, तुनी ती पेटी मांडवले लाई दे ना."

मी लगेच हो म्हणालो. इतक्या गोड आवाजात, की बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

मांडवामागे जीप उभी केली, दोन पंखे आणि एक कूलर जोडला, बटणांचा बोर्ड मांडवाच्या खांबाला बांधला. मग नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, एक अडचण शे. ॲक्सिलरेटर दाबून कोणी तरी बसाले पाहिजे. परका पाय मी जीपले लावू देत नही, पेटी जळी तर मना धंदा बसना."

"मग तू बस ना."

"मी बसस. पण पाव्हना ईचारतीन, काका कोठे शे? भाऊबंदकी शे का?"

हा शब्द मी मुद्दाम वापरला. नानांचा चेहरा उतरला. घरातले पुरुष आम्ही दोघेच. शेवटी स्वतःच चढले, म्हणाले, जरा वेळ बसतो, विधी सुरू झाला की उतरतो. हातथ्रॉटलची दांडी त्यांच्या नाकासमोर होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहुणे आले. कूलरच्या वाऱ्यात खूश झाले. मुलाचे वडील म्हणाले, एवढ्या उन्हात काय सोय केलीय! सुपारी फोडायची वेळ आली तसे नाना जीपमधून उतरायला लागले. पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच पंखे थांबले.

"नाना, पाय उचलू नका!" सगळा मांडव ओरडला. नाना परत चढले. पंखे सुरू झाले.

आता खरं सांगायचं तर मीच चकित झालो. पाय काढला म्हणून लगेच काही बंद पडत नाही, बॅटरी बराच वेळ ओढते. मी खांबाकडे पाहिलं. माहेरी आलेली माझी बहीण बोर्डाला टेकून उभी होती आणि तिचं बोट बटणावर होतं. मी तिला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

नानांनी पुन्हा उतरून पाहिलं. पंखे पुन्हा थांबले. गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळतोय, काका आहेत ना, पाटावर बसवा त्यांनाच. मी बसलो. सुपारी मी फोडली, नारळ मी दिला, व्याह्यांना मी कडकडून भेटलो. पुतणीवर माझा राग नव्हता. तिचा साखरपुडा थंडगार वाऱ्यात झाला, तिच्या बापाचा तापलेल्या बॉनेटमागे.

सगळं आटोपल्यावर बहीण पाण्याचा तांब्या घेऊन जीपपाशी गेली. नानांचा सदरा अंगाला चिकटला होता.

"हुई गयं का बठ्ठं?" त्यांनी विचारलं.

"हुई गयं," ती म्हणाली. "गरम व्हयनं का नाना?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाणी न पिता तांब्या परत दिला. त्या दिवशी त्यांना कळलं. पुढे हातथ्रॉटलचंही कुणा ड्रायव्हरकडून कळलं असणार. पण बोलणार काय? आधी त्या पकडीचं बोलावं लागलं असतं.

साखरपुड्याचा मोठा फोटो पुतणीने हौसेने फ्रेम करून नानांच्या बैठकीत लावला आहे. मुलीच्या बापाच्या जागी मी उभा आहे, हातात नारळ. कडेला खांबाशी माझी बहीण, मान वर, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. नानांकडे गेलो की मी मुद्दाम त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसतो आणि चहा अगदी सावकाश पितो.