सरळ रेघांना आलेली लाट

शाळेतली चित्रकला शिकवण्याची नोकरी संपल्यावर मी केशवापूरच्या घरात एकच नाद धरला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अशा मांडायच्या, की सपाट कॅनव्हास बघणाऱ्याला हलताना दिसावा. नुसत्या सरळ पट्ट्या कितीही ओढा, कॅनव्हास ढिम्म. रेघा हळूहळू जवळ आणल्या, बारीक केल्या, की मग लाट उठते.

या खेपेला चिकटपट्टी लावून मी सरळ रेघाच आखल्या होत्या, आणि मधोमध लाट आधीच उठलेली! वा रे पठ्ठ्या, म्हटलं, हात बसला. तीन आठवडे त्याच खुशीत होतो.

माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याकडेच राहते. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "कुठं हलतंय रे? सरळ तर आहेत की."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचे गज मधेच फुगलेले दिसले. लोखंडी गज! उजवा डोळा झाकला, तर फुगवटा वाढला. डावा झाकला, गज सरळ. कॅनव्हाससमोर जाऊन तसंच केलं. डावा डोळा झाकल्यावर एकही रेघ हलेना.

विद्यानगरच्या डॉक्टरांनी चौकटी छापलेला कागद पुढं धरला, मग डोळ्याचा फोटो काढला. डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय म्हणाले. "कधीपासून वाकडं दिसतंय?"

"तीन आठवडे."

"अहो, मग लगेच यायचं नाही का?"

स्वतःचीच पाठ थोपटत बसलो होतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची ठरली. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणाले.

रिक्षात अक्का शेजारी बसली होती. मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तिच्याकडं वळलो. वर कपाळ होतं, खाली हनुवटी होती. मधे करडा डाग.

"असं काय बघतोस? दिसते ना रे मी?"

"दिसतेस की," म्हटलं, आणि ती हसते आहे की रडते आहे, ते कळेना.