भिकूमामांचा उलटा हात

माझं अक्षर वाकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. कोणाच्या हाती ही वही लागली तर त्याने सांभाळून घ्यावं. भिकूमामांना जाऊन बरीच वर्षं झाली आणि त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते.

मामा आमच्या शेजारचे. सिद्धगडाच्या पायथ्याला आमची घरं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी ते मांडवात शिरले ते थेट लाऊडस्पीकरच्या मशीनकडे गेले आणि त्याला उलट्या हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने शिवले. मी बघतच राहिले. "तळहात लावला तं करंट धरून ठेवतो, सूनबाय. उलटा हात झटकून मोकळा होतो," एवढं बोलून निघूनही गेले. पुढे कळलं, की बैलाच्या पाठीला, चहाच्या कपाला, नव्या भांड्यालाही ते आधी तसाच हात लावतात.

मामांना बसणं माहीत नव्हतं. चहा उभ्याने, जेवताना एक पाय उंबऱ्याकडे. तरुणपणी ते शहापूरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. नीट झालेला सेट "जरा अजून बघू" म्हणून पुन्हा खोलायचे, म्हणून शेठने काढून टाकलं. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आले तर चार काड्या लावून दुसऱ्याच्याच बांधावर जाऊन उभे. "चाललाय ना? मंग पुढचा बघू," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मामी म्हणायची, "ह्यांना घरात ठेवायचा तं खिळाच मारायला लागंल."

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. लग्नात हळदीचे धवले त्याच गात. एकदा रेडिओची माणसं गावात येऊन त्यांचं गाणं टेप करून घेऊन गेली. वर्ष उलटलं तरी गाणं लागेना. तोवर आत्यांचे कान गेले, जवळ जाऊन ओरडावं लागे. आणि मग कार्ड आलं, की अमुक दिवशी दुपारी एक वाजता लागणार. त्या दिवशी सकाळपासूनच आत्या नवं लुगडं नेसून बसल्या.

ह्यांनी तेव्हा नवा स्टिरिओ आणला होता, कमरेएवढे दोन बॉक्स. त्याचा आवाज आत्यांना ऐकू जाई. पण त्यात नुसतं एफएम, आणि ते आमच्या डोंगराआड येतच नसे. गाणं लागणार होतं ते स्टेशन मिळायचं मामांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर, आणि त्याचा आवाज डासासारखा. मामा म्हणाले, "त्याचा कान नि ह्याचा गळा जोडू."

ह्यांना धास्ती. "मामा, सिस्टीम जळली तर?"

"आधी मी जळंन. हात माझा हाय."

मामांनी रेडिओची पाठ खोलली. आवाजाच्या बटणामागे डाग देऊन वायर जोडली, मध्ये एक कंडेन्सर घातला आणि वायरीचं दुसरं टोक स्टिरिओच्या मागे खुपसलं. मग रेडिओच्या पत्र्याला उलटा हात लावला, तो उडालाच. "पिन उलटी लाव, सूनबाय!" मी दोन पायांची पिन काढून फिरवून लावली. पुन्हा हात लावला. "आता गरीब झाला," म्हणाले.

पण नुसती गिरणीसारखी घरघर, तीही एकाच बॉक्समधून. एकला पाच मिनिटं होती. मामा बाहेर जाऊन एरियल हलवून आले, विडी पेटवली, विझवली, परत बाहेर गेले. आत्या सारख्या विचारत होत्या, "लागला का गो?" मी नुसती मान हलवत होते. मग मामांनी कपाळावर हात मारला. वायरीवरची तारेची जाळी रेडिओच्या पत्र्याला बांधायची राहिलीच होती. ती बांधली, घरघर बसली. वायरीला फाटा काढून स्टिरिओमागच्या लाल आणि पांढऱ्या दोन्ही भोकांत ती घातली तसे दोन्ही बॉक्स बोलू लागले, आणि रेडिओतल्या बाईने आत्यांचं नाव घेतलं.

आत्या बॉक्सला कान लावून ऐकत होत्या. ओठ हलत होते. मध्येच थांबल्या.

"माझा कुंभार कुठं गेला?"

"कोण कुंभार?" ह्यांनी ओरडून विचारलं.

"आधी कुंभार येतो गाडगी घेऊन, मंग हळद. कुंभाराचा धवला मी गायलेला रे!"

"वेळ कमी असतो, आई. कापतात."

"कापतात? कुंभाराला सोडून कोनाची हळद लागली का आजवर?"

आणि त्यांनी स्वतःच कुंभार गायला सुरुवात केली. बॉक्समधल्या आत्या हळद लावत होत्या, आमच्या आत्या अजून माती मळत होत्या. तेवढ्यात रेडिओवरचं गाणं संपलं आणि ती बाई पुढच्या कार्यक्रमाचं सांगू लागली. आत्यांनी आवाज चढवला, तरी सूर सुटायला लागला. मामांनी सरळ पिन खेचली.

मग आत्यांनी चाक फिरवलं, भट्टी लावली, गाडगी मांडवात आणून ठेवली. दारात मामी येऊन उभी राहिली. कडवं पुरं झालं तेव्हा आत्यांनी विचारलं, "भिक्या, एवढा जोडलास नि बंद का केलास रे?"

मामा त्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडून म्हणाले, "तुमी गात होत्या ना. मधीच बोलायला लागली ती बाय."