तिसऱ्या मजल्यावरची किल्ली

इमारतीत कुजबूज अशी होती, की पाचव्या मजल्यावरच्या कॅप्टनचं तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंशी काहीतरी आहे. बाई घटस्फोटित, एकट्या राहणाऱ्या. एवढं भांडवल चर्चेला पुरेसं होतं. त्यात समोरच्या काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं: भर दुपारी कॅप्टन गणवेशात येतो, चाकांची बॅग ओढत तिसऱ्यावर उतरतो, खिशातून किल्ली काढतो आणि सरळ आत. बेलसुद्धा वाजवत नाही. काकूंना त्याच्या बायकोची इतकी दया येई, की तिला जिन्यात गाठून त्या उगाच विचारत, "बरी आहेस ना गं?"

वैमानिक म्हटलं की लोकांना परदेश नि मोठाली हॉटेलं दिसतात. हा बापडा जवळच्या शहरांच्या फेऱ्या मारी. दिवसाला चार उड्डाणं, जेवण मांडीवर, तेही अर्धं. एका आठवड्यात पहाटेची पाळी, पुढच्यात रात्रीची. शरीराला कळेना, आपल्याला ऊठ म्हणतायत की झोप.

"विमान चालवतोस की झोपाळा?" त्याची आई म्हणे. "गेला-आला, गेला-आला."

घरी झोपावं, तर वरच्या मजल्यावर फरश्या फोडायचं काम. आईला कमी ऐकू येई, त्यामुळे तिच्या मालिका अख्ख्या जिन्याला ऐकू येत. धाकटी लेक दर थोड्या वेळानं येऊन विचारी, "बाबा, झोप लागली?" आणि लागलेली घालवी. कुणी नातेवाईक टपकला तर म्हणे, "दिवसाढवळ्या लोळतोस, मजा आहे बुवा तुझी." मग तो हसून उठे.

एकदा चौथ्या उड्डाणानंतर त्यानं विमान अलगद उतरवलं, माइक घेतला आणि ज्या शहरातून निघाले होते, त्याच शहराचं नाव घेऊन प्रवाशांचं मनापासून स्वागत केलं. मागून केबिनमधल्या मुलीचा फोन आला. "सर, लोक हसतायत. एक आजोबा विचारतायत, मग इतका वेळ आपण होतो कुठे?"

कॅप्टनही हसला. शेजारचा सहवैमानिक मात्र हसला नाही.

"का हसतायत, सर? बरोबरच तर सांगितलंत."

एकाची चूक दुसऱ्यानं पकडायची, म्हणून तर पुढे दोघं बसतात.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले.

"उद्या जायचं नाही. फोन कर."

"काय सांगू?"

"दमलोय म्हणून सांग."

"तसं कुणी सांगत नाही. ताप सांगतात."

दमलो म्हणणाऱ्याकडे कंपनीतली वरची मंडळी तिरक्या नजरेनं बघत, हे तिलाही ठाऊक होतं. आणि नेमकं त्याच महिन्यात नव्या वैमानिकांना शिकवायच्या जागेसाठी त्याचं नाव पुढे होतं. तिथे वेळा ठरलेल्या. माणसासारखं जगता आलं असतं.

"जागा जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. लोकांना घेऊन वर जातोस तू."

त्यानं फोन लावला. ड्यूटी लावणारी मुलगी गोड होती.

"ताप आहे का, सर?"

"नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही. दमलोय. उद्या मी विमान चालवण्याच्या लायकीचा नाही."

"सर, नक्की हेच लिहू?"

"हेच लिहा."

रजा मिळाली. शिकवायची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि याच्या चार फेऱ्या चालूच राहिल्या. बायकोनं मात्र तिथे विषय सोडला नाही. फोनच्या दुसऱ्याच दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन आली आणि त्याच्या हातावर किल्ली ठेवली.

"आपण काय सांगायचं लोकांना?" त्यानं विचारलं.

"काही नाही. काकूंचा वेळ बरा जातो."

तर त्या बंद दारामागे चालायचं ते एवढंच: कॅप्टन गणवेश खुर्चीवर टाकून, पडदे ओढून, एकटा झोपायचा. दंतवैद्य बाई त्या वेळी दवाखान्यात लोकांचे दात काढत असत.